बनगरवाडी: मुलांना आधी पुस्तक की आधी सिनेमा?

शेळगीकर

नमस्कार. मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववी-दहावीतली काही मुलं थांबतात आणि आम्ही एखादं पुस्तक मोठ्यानं वाचतो. त्याला गुण नाहीत, हजेरी नाही. ज्यांना ऐकावंसं वाटतं तेच थांबतात. दिवाळीनंतर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्यायची ठरवली आहे. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर केलेला सिनेमाही दाखवायचा आहे. आधी काय, यावरून स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत.

एका सरांचं म्हणणं, आधी सिनेमा दाखवा. आमची बरीचशी मुलं यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. औंध संस्थान कुठलं, कारभारी म्हणजे कोण, रामोशी कोण, मेंढरांमागं अख्खं गाव कसं हलतं, हे सगळं समजावण्यातच वेळ जाईल. सिनेमात तेच दहा मिनिटांत डोळ्यांपुढं येतं. सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझं माहेर सांगोला तालुक्यात, आटपाडीच्या शिवेकडं. मला तो माळ कुणी समजावून द्यायची गरज पडली नाही. आता तिथंही डाळिंबाच्या बागा झाल्यात, पण उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत घागरी रांगेत ठेवलेल्या मी पाहिल्यात. माझ्या वर्गातल्या मुलांनी माळ पाहिला असेल तर एसटीच्या खिडकीतून.

माझी अडचण वेगळी आहे. ही १९५५ सालची, दीडशे पानांच्या आतली कादंबरी सगळीच्या सगळी 'मी'नं सांगितलेली आहे. हा मी म्हणजे राजाराम विठ्ठल सौंदणीकर, धनगरांच्या बनगरवाडीत शाळेवर आलेला नवखा, पोरगेला मास्तर. पण वाचताना ते नाव फारसं लक्षातही राहत नाही. तो उंच की बुटका, गोरा की काळा, काही पत्ता नसतो. आपण त्याच्या डोळ्यांनी गाव बघत असतो, म्हणून तो आपल्याला दिसतच नाही. अंधारात गाव जवळ करणं, बंद पडलेली शाळा, मेंढरांमागं गेलेली पोरं, ज्याचा शब्द गाव मानतं त्या म्हाताऱ्या कारभाऱ्यासमोर बोलताना होणारी घालमेल, हे सगळं आपल्याच वाट्याला येतं. सिनेमात मात्र मास्तर दिसतो. चंद्रकांत कुलकर्णींच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण तो दिसला त्या क्षणी मी त्याच्या आतून बाहेर आले आणि गावकऱ्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. आता पुस्तक उघडलं तरी तोच चेहरा पुढं येतो.

मोठ्या माणसाचं यानं फार बिघडत नाही. पण ही मुलं वयानं त्या मास्तराच्या जवळची. त्यांना आधी त्याच्या आत राहू द्यावं, असं मला फार वाटतं. तुमचं काय मत?

आणखी एक. 'पुस्तकात हे आहे, सिनेमात हे गाळलंय' अशी दोन रकान्यांची यादी मला मुलांकडून करून घ्यायची नाही. ती परीक्षेत पुष्कळ लिहितात. मग विचारायचं काय?

पूर्वभागकर

ताई, तुम्ही म्हणताय त्या तेलुगू घरातलाच मी. वडील मागावर होते, आता मी चादरी-टॉवेलच्या धंद्यात आहे. मराठी माध्यमात शिकलो, पण माझं मराठी सगळं शहरातलं. साखर पेठ, अशोक चौक, दाजी पेठ, एवढ्यातच कानावर पडलेलं. हिराचंद नेमचंद वाचनालयातून 'बनगरवाडी' आणली होती, तेव्हा वय तुमच्या मुलांएवढंच. वाचली, कळली, पण कारभारी माझ्या डोक्यात आमच्या हेडमास्तरांसारखा बोलायचा. एकसुरी, धड्यातल्यासारखा. त्याचा दुसरा आवाज मला माहीतच नव्हता, तर येणार कुठून?

पुढं सिनेमा टीव्हीवर पाहिला. त्यात दोन गोष्टी मिळाल्या ज्या मला पुस्तकानं दिल्या नव्हत्या. त्यात पुस्तकाचा दोष नाही, माझ्याकडं तेवढी शिदोरी नव्हती. एक म्हणजे बोलण्यातला थांबा. ही माणसं प्रश्न विचारला की लगेच उत्तर देत नाहीत. आधी बघतात, मग बोलतात. पुस्तकात दोन वाक्यांच्या मध्ये काही छापलेलं नसतं, त्यामुळे मी ती भरभर वाचत सुटलो होतो. दुसरं म्हणजे माळावर माणूस केवढासा दिसतो ते. शाळेच्या सहलीत नान्नजला माळढोक बघायला गेलो होतो, माळढोक काही दिसला नाही, पण गवताच्या त्या सपाटीवर सगळी पोरं गप्प झाली होती ते आठवतंय. सिनेमात तेच झालं. एवढ्या मोकळ्या रानात चार घरं धरून राहणारी माणसं एकमेकांना का धरून असतात, हे मला तेव्हा पटलं.

तुम्ही म्हणता मास्तर दिसला आणि तुम्ही बाहेर आलात. मला ते बाहेर येणं आवडलं. पुस्तकात मास्तर स्वतःबद्दल सांगतो तेवढंच आपल्याला ठाऊक. सिनेमात गाव त्याच्याकडं कसं बघतंय ते दिसतं की. ओठावर मिसरूड फुटतंय न फुटतंय असा पोरगा गावाला शहाणपण शिकवायला आलाय, आणि आख्खं गाव त्याला जोखतंय. माझं मत आधी सिनेमा. निदान आमच्यासारख्यांसाठी.

विजापूर रोड

आधी सिनेमा अजिबात नको. गोष्ट कळली की मुलं पुस्तकाला हात लावणार नाहीत. आमच्या घरी अनुभव आहे.

शेळगीकर

@विजापूर रोड, रहस्यकथा असती तर मान्य केलं असतं. 'बनगरवाडी'त शेवट लपवून ठेवलेलाच नाही. पाऊस येत नाही, जनावरं खंगतात, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. माणदेशातल्या कुणालाही पहिल्या पानावरच त्याची चाहूल लागते. तरी शेवटची पानं वाचताना गळा दाटतो, मी दरवेळी वर्गात ती वाचायला दुसऱ्या कुणाला तरी देते. गोष्ट कळल्यानं या पुस्तकाचं काही कमी होत नाही, असं मला खात्रीनं वाटतं.

@पूर्वभागकर, थांब्याचं तुम्ही सांगितलंत ते मी मोठ्यानं वाचतानाही लक्षात ठेवीन. मी भरभरच वाचते.

बाळीवेस

बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पहिल्याचं त्यातून आपोआप निघेल.

मी हौशी रंगभूमीवरचा माणूस. स्पर्धेच्या एकांकिकांसाठी कथांची रूपांतरं करण्यात उमेदीची वर्षं गेली. प्रत्येक वेळी तालमीत भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. कथेतला सांगणारा रंगमंचावर आणायचा की काढून टाकायचा? आणला तर तो कोपऱ्यात उभा राहून आपण जे बघतोय तेच पुन्हा सांगत बसतो. काढला तर प्रसंग राहतात आणि कथा जाते. तुमचं दुखणं तेच आहे.

आता याच्या उलटं काय घडू शकतं ते सांगतो. 'सिंहासन', १९७९. दिग्दर्शक जब्बार पटेल, आपल्या हरिभाई देवकरणचे विद्यार्थी, म्हणून सोलापुरात त्यांचं नाव हक्कानं घेतलं जातं. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या, आणि त्यांची मिळून एक पटकथा, विजय तेंडुलकरांची. दोन्ही कादंबऱ्या वाचून पाहा. माणसांचा नुसता महापूर आहे. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार, झोपडपट्टीतली माणसं, आणि प्रत्येकाच्या डोक्यात शिरून साधू आपल्याला त्याचे विचार ऐकवतात. तिथं एकच एक 'मी' नाही. कॅमेऱ्याला एवढ्या डोक्यांत शिरता येत नाही.

तेंडुलकरांनी आणि जब्बारनी काय केलं? सगळ्या दारांतून आत जाऊ शकेल असा एक माणूस धरला. पत्रकार दिगू टिपणीस. तो मुख्यमंत्री जिवाजीराव शिंद्यांकडे जाऊ शकतो, अर्थमंत्री विश्वासराव दाभाड्यांकडे जाऊ शकतो, कामगार पुढारी डिकास्टाच्या युनियनमध्येही जाऊ शकतो. अरुण सरनाईक, श्रीराम लागू, सतीश दुभाषी, एकाहून एक तगडे नट, आणि यांच्या मधून फिरणारे, दिगू झालेले निळूभाऊ. निळू फुले म्हटलं की तेव्हाच्या प्रेक्षकाला दिसायचा तो बेरकी पाटील, सरपंच. त्या माणसाला इथं बोलायला कमी आणि बघायला जास्त दिलं. दोन पुढारी बोलत असतात आणि आपण निळूभाऊंच्या चेहऱ्याकडं पाहून ठरवतो यात खरं किती. मी तो सिनेमा नटाच्या नजरेनं पुन्हा पुन्हा पाहिलाय. ऐकत असताना चेहऱ्यावर काहीही न करता सगळं पोचवणं किती अवघड असतं हे ज्यानं तालमी केल्यात त्याला विचारा. आमच्यातले निम्मे नट समोरचा बोलायला लागला की आपल्या पुढच्या वाक्याची तयारी करत उभे राहतात.

आणि शेवट. सत्तेचा सगळा खेळ पुन्हा होता तिथंच येऊन बसतो, आणि इतका वेळ नुसता बघत आलेल्या त्या माणसाचा तोल जातो. वेड्यासारखं हसणं आहे ते. बघण्याची किंमत त्यानं मोजली. इतरांना काही झालं नाही, बघणाऱ्याला झालं. कृष्णधवल चित्र, समोर निळूभाऊ, आणि थिएटरमधून बाहेर पडताना पाय जड झालेले.

तर इथं सिनेमानं बघणारा माणूस पुढं आणून बसवला आणि गोष्टीचा कणा त्याला केलं. 'बनगरवाडी'त बघणारा पुस्तकातच होता, त्याला सिनेमानं चेहरा दिला आणि तो बघितला जाणारा झाला. दोन्हीकडं प्रश्न एकच, 'हे कोण बघतंय?' तुमच्या मुलांना कुठलाही एक प्रसंग द्या आणि एवढंच विचारा. पुस्तकात हा प्रसंग कुणाच्या डोळ्यांनी दिसतो, सिनेमात कुणाच्या? रकाने आखायची गरज पडणार नाही, ती एकमेकांशी भांडायला लागतील.

क्रमाबद्दल माझं मत आधी पुस्तक. नटाचा चेहरा एकदा बसला की तो हटत नाही, हे नट म्हणूनच सांगतो.

जुळे सोलापूर

मॅम, मी तुमची जुनी विद्यार्थिनी, नाव लिहीत नाही, वाचून ओळखाल. तुम्ही आम्हाला नववीत मिलिंद बोकिलांची 'शाळा' वाचायला दिली होती. मी थोडं वेगळं सांगते.

'शाळा' पण 'मी'चीच. मुकुंद जोशी, आमच्याच इयत्तेतला, आणीबाणीच्या काळातला. पुस्तक वाचताना मी मुलगी आहे हे विसरून मुकुंदच झाले होते. तो मित्रांत एक बोलतो, घरी दुसरं बोलतो आणि मनात तिसरंच चाललेलं असतं, आणि हे तिसरं फक्त आपल्याला ऐकू येतं. त्यामुळे तो अगदी जवळचा वाटतो. सुजय डहाकेंच्या सिनेमात हे तिसरं पुस्तकाएवढं येणं शक्यच नव्हतं. अंशुमन जोशीची नजर, मान खाली घालणं, हळूच मागं वळून बघणं, यांवरच बरंच सोडलंय. त्याच्या पटकथेला, अविनाश देशपांडेंना, रूपांतराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मैत्रिणींना तरी पुस्तकच जास्त आवडलं.

पण मला सिनेमात एक मिळालं. पुस्तकातली शिरोडकर, मुकुंदला आवडणारी मुलगी, मला फक्त मुकुंदच्या डोळ्यांनी दिसते. ती हसली की तो त्याचा अर्थ लावतो, ती गप्प राहिली तरी तोच लावतो. तिचं स्वतःचं काय चाललंय हे त्याला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही. सिनेमात केतकी माटेगावकर समोर उभी राहते आणि तीसुद्धा त्याच्याकडं बघते. त्या बघण्याचा अर्थ लावायला मला मुकुंदची परवानगी लागली नाही. मी पहिल्यांदा तिच्या बाजूनं विचार केला. रोज शाळेच्या वाटेवर मुलांचा घोळका आपल्यावर नजर ठेवून असतो हे तिला कसं वाटत असेल? हा प्रश्न पुस्तक वाचताना मला पडलाच नव्हता, आणि मी स्वतः त्याच वाटेनं शाळेत जात होते.

म्हणून मॅम, आतून बघणं तुम्हाला जेवढं मोलाचं वाटतं तेवढंच बाहेर येणंही आहे. वर्गात मुली असतील ना?

शेळगीकर

ओळखलं गं. वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवणारी तू. निम्म्याहून जास्त मुलीच थांबतात शनिवारी.

तू लिहिलंस आणि मला अंजी आठवली. कारभाऱ्याची लेक. ती मास्तराला चोळी शिवून आणायला सांगते. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण कारभाऱ्याच्या मनात संशय येतो आणि म्हातारा बिनसतो. पुस्तकात हा सगळा काळ आपण मास्तराच्या छातीतली धडधड ऐकत काढतो. आपलं काय चुकलं, हा माणूस उलटला तर या गावात आपलं कोण, शाळा टिकेल का? मला ती पानं फार आवडतात, कारण गावात एकट्या पडलेल्या नोकरदाराची भीती इतकी साधेपणानं दुसऱ्या कुणी लिहिलेली मी वाचलेली नाही. पण मास्तराच्या भीतीत मी इतकी गुंतलेली असते की अंजीचं त्या दिवसांत काय झालं असेल हे मनात येत नाही. चोळी तिची, संशय तिच्यावरही, आणि राहायचं त्याच बापाच्या घरात. मास्तर निघून जाऊ शकतो, ती कुठं जाणार?

आता पूर्वभागकर दादांचं 'बाहेर येणं आवडलं' हेही मला वेगळ्या अर्थानं कळलं.

दुसरा प्रसंग शेकूच्या बायकोचा. पेरणीच्या घाईत शेकूला बैलाची जोडी पुरी होत नाही, तेव्हा ती स्वतः बैलाच्या जोडीला औताला लागते. मागं एका वर्गात मी तेवढाच भाग वाचून दाखवला होता. माडगूळकर तिथं हळहळ करत नाहीत, जे दिसलं ते मास्तर सांगतो आणि पुढं जातो. वर्गात चिडीचूप. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, 'बाई, ती काही बोलली का?' तिची आई घरी विड्या वळते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं मांडीवर घेऊन ही मुलगी तिच्या शेजारी बसून अभ्यास करते. मी पुस्तकात परत पाहून तिला उत्तर दिलं, पण तिचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. तिला ती बाई आतून ऐकायची होती, आणि ते त्या पुस्तकात मिळणार नव्हतं, कारण ते मास्तराचं पुस्तक आहे.

तर मी असं ठरवतेय. अंजीच्या चोळीचं प्रकरण येईपर्यंत पुस्तक वाचायचं, सावकाश, थांबे घेत. तोवर मुलं मास्तराच्या आत चांगली मुरलेली असतील. मग एका शनिवारी सिनेमा, पूर्ण. त्यानंतर पुन्हा पुस्तकावर यायचं आणि दुष्काळापासून शेवटपर्यंत वाचायचं. आनंदा रामोशी, मास्तराचा गावातला सोबती आयबू, कुस्तीच्या तालमीची इमारत आणि औंधच्या राजाची भेट, यांतलं कुठलंही एक मुलांनी निवडायचं आणि 'कोण बघतंय' यावर बोलायचं. लिहायचं फक्त एकच. शेकूची बायको, अंजी किंवा कारभारी, यांच्यापैकी कुणी तरी 'मी' म्हणून अर्धं पान. मास्तराला गावाने कसं पाहिलं ते कारभाऱ्याच्या तोंडून कुणी लिहिलं तर मी इथं सांगेन.

बाळीवेस काका, तुम्ही एखाद्या शनिवारी येऊन कारभारी वाचाल का? मला तो आवाज काढता येत नाही.

बाळीवेस

येतो. कुठला शनिवार ते आधी कळवा, मला पानं आधी घरी वाचावी लागतील. आणि आयबूचं काम एखाद्या मुलाला द्या, माझ्यासमोर बसवून.

विजापूर रोड

माझ्या मुलीला विचारतो, ती दुसऱ्या शाळेत आहे. चालेल का?

शेळगीकर

चालेल, पाठवा. पुस्तकाच्या प्रती कमी आहेत, तिला मिळत असेल तर स्वतःची आणायला सांगा. आणि एक अडचण आहे. वर्गाच्या खिडक्यांना पडदे नाहीत, दुपारच्या उन्हात प्रोजेक्टरवर काही दिसत नाही.

पूर्वभागकर

ताई, खिडक्या किती आणि केवढ्या ते मोजून कळवा. जाड चादरी मी देतो, दोऱ्या आणि खिळे पण घेऊन येतो. त्या शनिवारी लवकर येऊन बांधून देईन, आणि बसायला जागा असेल तर सिनेमाला थांबेन.